अपत्यहीन पुरुषाचे दुःख आणि त्याने स्वतःवर ठेवलेला ठपका

‘मूल नाही, मग समाजात माझी जागा कोणती?’ हा प्रश्न पुरुष सहसा थेट विचारत नाहीत. ते पत्नीला घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तिच्या मनःस्थितीविषयी काळजीने बोलतात आणि पुष्कळ भेटींनंतर, निघता निघता, आपल्याविषयीचे एखादे वाक्य बोलून जातात. ही चिंता इतक्या जणांकडून ऐकली आहे की तिच्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. त्यासाठी ठाण्यातील एका बेने इस्रायली, म्हणजे महाराष्ट्रातल्या मराठीभाषक ज्यू समाजातल्या, गृहस्थांचा अनुभव निवडला आहे. त्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गृहस्थ पन्नाशीचे होते. आडनाव कोकणातल्या गावावरून आलेले, घरची भाषा मराठी, शुक्रवारी संध्याकाळी किद्दुश, म्हणजे शब्बाथच्या स्वागताची द्राक्षरसावरची प्रार्थना, न चुकता. दोष आपल्यात आहे हे त्यांना तिशीतच तपासणीतून कळले होते. दत्तकाचा विषय वडीलधाऱ्यांच्या विरोधामुळे मागे पडला होता.

त्यांच्या दुःखाला धर्माचीही एक बाजू होती. ‘फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा’ ही तोरा या ज्यू धर्मग्रंथातील आज्ञा मिश्ना या प्राचीन धर्मनियमांच्या संग्रहाने पुरुषावर बंधनकारक मानली आहे, स्त्रीवर नाही. रोश हशानाच्या, म्हणजे ज्यू नववर्षाच्या, पहिल्या दिवशी अब्राहामाची पत्नी सारा हिला म्हातारपणी मूल झाल्याचा भाग आणि मुलासाठी देवाकडे रडून प्रार्थना करणाऱ्या हन्नाची कथा वाचली जाते, म्हणजे सगळा समाज सिनेगॉगमध्ये, आपल्या प्रार्थनामंदिरात, जमतो त्याच सकाळी निपुत्रिकाला ते ऐकत बसावे लागते. त्यात १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे टप्प्याटप्प्याने इस्रायलला गेली आणि इथे काही हजार माणसेच उरली, त्यामुळे कोणाच्याही घरचा पाळणा हा सगळ्यांच्याच आनंदाचा विषय असतो.

“पुतण्याच्या मुलाची मिला होती,” ते म्हणाले. मिला म्हणजे नवजात मुलाच्या सुंतेचा विधी. “बाळाला मांडीवर घेण्याचा मान मला देणार होते. मी गुडघेदुखीचे निमित्त सांगितले. प्रसादाच्या मलिद्यासाठी नारळ मी खवला, पोहे मी भिजवले आणि ताट फिरायच्या आत घरी निघून आलो.”

“त्या क्षणी मनात काय होते?”

“मी आज्ञा मोडलेला माणूस आहे. माझ्या मांडीवर बाळ कसे द्यायचे?”

माणसाला घटनेपेक्षा तिच्याविषयीची त्याची धारणा अधिक छळते, या विचाराने मी काम करते. त्यामुळे ‘आज्ञा मोडलेला’ हे शब्द मी सोडले नाहीत. पण ती धारणा मी खोडून काढली असती, तर ते नम्रपणे मान हलवून गेले असते. जे माणसाच्या हाती नाही, त्याचा दोष त्याच्यावर येत नाही, हे धर्मशास्त्राचे तत्त्व त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते आणि तरी त्याचा उपयोग होत नव्हता. म्हणून पुढच्या भेटीत मी वेगळे विचारले.

“तुमच्या ग्रंथात मूल नसल्याचे दुःख एखाद्या पुरुषाने स्वतः बोलून दाखवले आहे का?”

ते बराच वेळ गप्प बसले. “हन्नाचा नवरा एल्काना तिची समजूत घालतो. पण त्याला दुसऱ्या बायकोपासून, पनिन्नेपासून, मुले होती.” मग सावकाश म्हणाले, “अब्राहाम बोलला आहे. ‘तू मला काय देणार? मी तर निःसंतान जात आहे,’ असे तो देवालाच म्हणाला.”

“त्यावर देवाने त्याला अपराधी ठरवले?”

“नाही. बाहेर नेले आणि तारे मोजायला सांगितले.” थोड्या वेळाने ते म्हणाले, “पण मॅडम, त्याला पुढे मुलगा झाला.”

“तो पुढे झाला. हे तो बोलला तेव्हा झालेला नव्हता.”

मग ते रडले, आणि मी एकही शब्द न बोलता त्यांना रडू दिले. दुःख आणि अपराधभाव यांची त्यांच्या मनात इतकी वर्षे गाठ बसली होती, आणि अपराध्याने शोक करायचा नसतो या समजुतीने त्यांनी दुःखाला कधी वाटच दिली नव्हती. ही गाठ मला दिसली, याचे मला आजही समाधान आहे. अशा वेळी अपराधभाव विचाराने सोडवावा लागतो. दुःख मात्र सोडवायचे नसते, त्याला जागा द्यायची असते.

मागाहून काद्दिशची, म्हणजे मृताच्या मागे सहसा मुलाने म्हणायच्या प्रार्थनेची, चिंता निघाली. आपल्यामागे ती कोण म्हणणार, हे त्यांनी सिनेगॉगमधील एका ज्येष्ठांना विचारले. दुसरा कोणीही ती म्हणू शकतो, हे उत्तर मिळाले आणि एका भाच्याने ती जबाबदारी आनंदाने घेतली. अशा प्रश्नांची उत्तरे समुपदेशकाने देऊ नयेत; ती समाजातल्या जाणत्याकडूनच मिळावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्याच्या मुलाला तोरा शिकवणारा जणू त्याला जन्म देतो, असे तालमूद हा ज्यू धर्मचर्चेचा ग्रंथ म्हणतो. हे गृहस्थ मुलांना हिब्रू वाचन शिकवतात, म्हणून नातेवाईक त्यांना हे वचन वारंवार ऐकवत. वचन थोर आहे, पण शोक करू न देता ऐकवले की ते माणसाला गप्प करते. नातेवाइकांनी उपाय आणि सांत्वन दोन्ही काही काळ बाजूला ठेवावे, आणि मान देण्यापूर्वी ‘तुम्हाला चालेल का?’ असे एकांतात विचारावे. पुरुषांनीही हे दुःख सर्वांत आधी पत्नीपाशी बोलावे. या गृहस्थांच्या पत्नीला वाटत होते की त्यांना काही वाटतच नाही.

आता मिलाला जायचे की नाही, हे दोघे मिळून ठरवतात. मागच्या वेळी ते गेले नाहीत, आणि चुलतभावाने विचारले तेव्हा त्यांनी गुडघ्याचे नाव न घेता खरे कारण सांगितले.