कृष्णापासून खाँसाहेबांपर्यंत: वसंतराव देशपांडे

लहानपणी सिनेमात काम केलेलं कुणी पुढे खरोखर मोठं गायक झालंय का, आणि त्या अभिनयाचा गाण्याला काही उपयोग होतो का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर एकच नाव आहे: डॉ. वसंतराव देशपांडे.

जन्म २ मे १९२०, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचा. आईने त्यांना नागपुरात वाढवलं. तिथे शंकरराव सप्रे गुरुजींकडे तालीम सुरू झाली. (संगीतकार सी. रामचंद्रही याच गुरुजींचे शिष्य.) हा गोड गळ्याचा मुलगा चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या नजरेत भरला आणि 'कालियामर्दन' या बोलपटात ते कृष्ण झाले. पार्श्वगायन तेव्हा रूढ व्हायचं होतं. पडद्यावर जो दिसे त्यालाच गावं लागे, त्यामुळे गाणाऱ्या मुलांना बोलपटात मोठी मागणी होती.

आता कुणालाही वाटेल, पोरगं मार्गी लागलं. तसं झालं नाही. वसंतराव लाहोरला गेले, असद अली खाँसाहेबांकडे मारवा हा राग शिकले. पुढे सुरेशबाबू माने, अमान अली खाँ यांच्याकडूनही विद्या घेतली. दीनानाथ मंगेशकरांच्या आक्रमक गायकीचा ठसा तर जन्मभर राहिला. पण पोटासाठी त्यांनी पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी धरली आणि ती वीसेक वर्षं केली. मध्ये बदली झाली ती थेट नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात. एवढा तयार गवई रोज खतावण्या तपासत होता, हे आजही मनाला लागतं. साठच्या दशकाच्या मध्यावर नोकरी सुटली आणि ते पूर्णवेळ गाऊ लागले, तेव्हा वय पंचेचाळीसच्या आसपास होतं.

मग १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' हे संगीत नाटक रंगमंचावर आलं. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं, आणि खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले झाले वसंतराव. तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर या भूमिकेत आहे. 'या भवनातील गीत पुराणे' नीट ऐका. राजगायकाच्या हवेलीत पाऊल ठेवलेला खाँसाहेब तिथल्या जुन्या, हळव्या सुरांना हाकलून लावतोय. वसंतराव तिथे तान नुसती फेकत नाहीत, ती तान त्या माणसाच्या तोंडचं बोलणं होते. गुर्मी आहे, वर्षानुवर्षं डावललं गेल्याचा सल आहे, आणि हे सगळं लयीला धक्का न लावता. 'घेई छंद मकरंद' या नाटकात दोन चालींत येतं, खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी असलेल्या राजगायक पंडितजींची शांत आणि खाँसाहेबांची उसळती. दोन्ही लागोपाठ ऐकल्या की एकाच शब्दांतून दोन स्वभाव समोर उभे राहतात.

शास्त्रीय बैठकीतला गवई नाटकात आला की बऱ्याचदा पद रंगतं आणि पात्र मागे पडतं. वसंतरावांचं तसं होत नाही, याचं श्रेय मी लहान वयातच अंगात मुरलेल्या अभिनयालाही देतो. गळ्याला त्या मुलाने खूप आधीच भूमिका करायला लावलं होतं.

२०१५ साली 'कट्यार'वर सिनेमा आला. त्यात खाँसाहेब साकारले सचिन पिळगांवकरांनी, तेही एके काळचे गाजलेले बालकलाकारच. त्यांच्यासाठी गायले राहुल देशपांडे, वसंतरावांचे नातू. दोघांनीही जीव ओतलाय, यात वाद नाही. पण रंगमंचावर अभिनय आणि गाणं हे दोन्ही एकच माणूस रोज, समोर प्रेक्षक बसलेले असताना करत होता, हे लक्षात घ्या.

वसंतराव ३० जुलै १९८३ रोजी गेले. पूर्णवेळ गाण्यासाठी त्यांना जेमतेम अठरा वर्षं मिळाली. ऐकायला सुरुवात करणार असाल तर आधी ही नाट्यपदं ऐका आणि मग त्यांचा मारवा. उलट क्रमाने गेलात तर मारवा नवख्या कानाला जड वाटेल.