आधी शेपूट, मग ज्योत

अरे, प्लाझ्मा टॉर्चमध्ये तांब्याचे नॅनोकण कसे बनतात याचं सिम्युलेशन करताना पहिल्याच दिवशी टॉर्चचं त्रिमितीय मॉडेल उघडून बसू नकोस. प्लाझ्मा १०,००० केल्विनचा असला तरी नॅनोकण तिथे जन्मत नाहीत. तिथे असते फक्त तांब्याची वाफ. ज्योतीच्या थंड होत जाणाऱ्या शेपटाकडे ती उत्कलनबिंदूच्या, म्हणजे २,५६२ अंश सेल्सिअसच्या, बरीच खाली उतरली की अतिसंपृक्त होते, म्हणजे त्या तापमानाला मावेल त्यापेक्षा जास्त वाफ साठते, आणि कण धरायला लागतात. म्हणून आधी एकाच प्रवाहरेषेवरचं तापमान घे आणि मोमेंट पद्धतीने (म्हणजे एकेक कण न मोजता आकारांच्या वितरणाच्या मोजक्या बेरजा सोडवून) न्यूक्लिएशन (वाफेतून नवे कण जन्मणं), कंडेन्सेशन (कणांवर वाफ जमणं), कोअ‍ॅग्युलेशन (कण आदळून एकमेकांत मिसळणं) चालवून बघ.

द्रव तांब्याचा पृष्ठताण मात्र दोनदा तपास. न्यूक्लिएशनच्या सूत्रात त्याचा घन येतो, तोही घातांकात! मी एकदा वितळबिंदूवरच्या पृष्ठताणाचाच आकडा सगळ्या तापमानांना वापरला आणि आठवडाभर बिचाऱ्या सॉल्व्हरला, म्हणजे समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रॅमला, शिव्या घातल्या. आणि सरासरी व्यास जुळला म्हणून लगेच खूश होऊ नकोस. आकारांचा पसाराही टीईएमच्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) फोटोंशी ताडून बघ.