गोळी ‘सुटते’ की झाडली जाते?

प्रश्न : माझी मुलगी नुकतीच पोलीस दलात भरती झाली असून तिचे शस्त्रप्रशिक्षण सुरू आहे. ‘पिस्तूल साफ करताना गोळी सुटून पोलीस जखमी’ अशा बातम्या मी वर्षानुवर्षे वाचत आले. आता मात्र अशी बातमी दिसली की रात्री झोप लागत नाही. ज्यांचा शस्त्राशी रोजचा संबंध, त्यांच्याच हातून असे कसे होते? तिच्या पिस्तुलाला सेफ्टीचा वेगळा खटका नाही, असे ती सांगते. मग दोष शस्त्राचा समजायचा का?

उत्तर : ताई, बातमीतल्या क्रियापदापासूनच सुरुवात करतो. ‘काच फुटली’, ‘दूध उतू गेले’ तशी ‘गोळी सुटली’. म्हणजे करणारा कोणी नाहीच. मी अनेक वर्षे शस्त्रप्रशिक्षक होतो आणि ज्या घटनांची चौकशी जवळून पाहिली, त्यांतल्या बहुतेक घटनांत चापावर कोणाचे तरी बोट होते. शस्त्राचा दोष कधीच नसतो, असे मी म्हणणार नाही. सिग सावर कंपनीच्या पी-320 पिस्तुलातून ते विशिष्ट कोनात पडल्यास गोळी उडू शकते, असे चाचण्यांत दिसल्यावर 2017 मध्ये कंपनीला त्यात सुधारणा करून देण्याची योजना जाहीर करावी लागली होती. पण असे प्रकार थोडे. अधिक वेळा घडते ते मी आता सांगतो तसे.

पिस्तूल रिकामे करायचे तर आधी मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढायचे आणि मग वरची स्लाइड, म्हणजे सरकणारा भाग, मागे ओढून चेंबरमधले, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला बसलेले काडतूस बाहेर पाडायचे. दमलेला माणूस हा क्रम उलटा करतो. तो आधी स्लाइड ओढतो, एक काडतूस टुणकन खाली पडते, ते डोळ्यांना दिसते आणि मनाची खात्री पटते. पण मॅगझिन अजून आतच असल्यामुळे पुढे जाणाऱ्या स्लाइडने दुसरे काडतूस चेंबरमध्ये ढकललेले असते. त्यानंतर तो मॅगझिन काढतो. हातात मॅगझिन, जमिनीवर काडतूस, म्हणजे पिस्तूल रिकामे, असा त्याचा हिशेब. त्यातच पिस्तूल ग्लॉक कंपनीच्या पद्धतीचे असेल तर साफसफाईसाठी स्लाइड उतरवण्याआधी चाप दाबावाच लागतो, आणि ‘साफ करताना गोळी सुटली’ ही बातमी तिथे जन्म घेते. म्हणून चेंबर डोळ्यांनी पाहायचे आणि नंतर त्यात करंगळीचे टोक घालून चाचपायचे, असे आम्ही शिकवतो. अंधारात आणि थकव्यात डोळे फसतात, बोट सहसा फसत नाही.

सेफ्टीच्या खटक्याबद्दल तुमची शंका रास्त आहे. ग्लॉकसारख्या पिस्तुलात सुरक्षेची योजना चापातच आणि आतल्या यंत्रणेत असते. पिस्तूल पडले तरी गोळी उडू नये याची ती काळजी घेते, पण चाप दाबला गेला तर तो मुद्दाम दाबला की चुकून, हे तिला कळत नाही. तो दाबायला सुमारे अडीच किलो जोर पुरतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन शहराच्या पोलिसांनी 1988 मध्ये ग्लॉक पिस्तूल स्वीकारले आणि पुढच्या दहा वर्षांत अनवधानाने गोळी झाडली गेल्याच्या 120 हून अधिक घटना तिथे घडल्या. हे शस्त्र जगभरच्या कितीतरी दलांत आहे, त्यामुळे नव्या शस्त्राबरोबर नव्या सवयी घडवायला पुरेसा वेळ आणि सराव दिला जातो की नाही, हाच प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. चाप जड करणे हा एक उपाय आहे. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी तो सुमारे साडेपाच किलोपर्यंत नेला होता, परंतु जड चापाने नेम हलतो आणि भलत्यालाच गोळी लागण्याचा धोका वाढतो. लॉस एंजेलिस परगण्याच्या शेरिफ दलात नवे पिस्तूल आल्यानंतर अशा घटना 2012 मधील 12 वरून 2014 मध्ये 30 वर गेल्या. त्यांतल्या काही पिस्तुलाला जोडलेला दिवा लावण्याच्या प्रयत्नात बोट चापावर आवळले गेल्याने घडल्या.

आता शरीराचा भाग, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्नायूंच्या हालचालींचे अभ्यासक रॉजर एनोका यांनी हाताची मूठ नकळत आवळली जाण्याचे तीन प्रसंग सांगितले आहेत : दुसऱ्या हाताने जोर लावणे, तोल जाणे आणि दचकणे. पोलिसाच्या कामात हे तिन्ही रोजचेच आहेत, कारण एका हाताने संशयिताला धरायचे, अंधाऱ्या जिन्यावर पाय घसरायचा, मागून दार आपटायचे. त्या क्षणी बोट चापावर असेल तर इच्छाशक्ती कामी येत नाही. ते चापाच्या कड्याबाहेर, पिस्तुलाच्या अंगालगत सरळ ठेवलेले असेल तर मूठ कितीही आवळली तरी गोळी उडत नाही. म्हणूनच नळी नेहमी सुरक्षित दिशेला आणि नेम धरून झाडायचे ठरेपर्यंत बोट बाहेर, हे दोन नियम आम्ही प्रशिक्षणार्थींना नको होईपर्यंत घोकून घेतो. जर्मनीत पोलिसांवर झालेल्या एका प्रयोगात, बोट बाहेरच होते असे ठामपणे सांगणाऱ्यांपैकी काहींनी ताणाखाली चापाला स्पर्श केल्याचे पिस्तुलातल्या संवेदकांनी दाखवले. ते खोटे बोलत नव्हते, त्यांना ते कळलेच नव्हते.

तेव्हा मुलीला नेम कसा लागतो हे जरूर विचारा, पण त्याआधी हे विचारा : धावून दम लागलेला असताना, अंधारात, एका हाताने कोणाला तरी धरून पिस्तूल होल्स्टरमध्ये परत ठेवण्याचा सराव नकली काडतुसांवर करून घेतात का? शांत मैदानावर उभे राहून कागदी लक्ष्यावर गोळ्या झाडल्याने ही सवय लागत नाही.

प्रश्न : मी पोलीस दलातच आहे. शस्त्र जमा करताना माझ्या सहकाऱ्याकडून एक गोळी झाडली गेली. ती वाळूच्या पिंपात गेली, कोणाला काही झाले नाही. सर्वांनी गप्प राहायचे ठरवले. हे योग्य आहे का?

उत्तर : नाही. ते पिंप तिथे होते आणि नळी त्याच्याकडे होती, म्हणजे निम्मा नियम पाळला गेला होता, आणि म्हणूनच आज सगळे सुखरूप आहेत. उरलेला निम्मा का सुटला, हे समजायला नोंद हवी : पाळी कितव्या तासाला संपली, उजेड किती होता, आधी मॅगझिन काढले की स्लाइड ओढली, चेंबर दुसऱ्या कोणी पाहिले का. अशा नोंदीवर पहिली प्रतिक्रिया शिक्षेची असेल तर पुढची नोंद कोणी करणार नाही, हे वरिष्ठांनीही ध्यानात घ्यायला हवे. हयगय वारंवार होत असेल तर गोष्ट वेगळी. सहकाऱ्याला स्वतःच जाऊन सांगायला लावा, आणि त्याच्याबरोबर तुम्हीही जा.