इटली चौघींची, पाकीट जिचं तिचं

प्रिय ताई,

मी २७ वर्षांची, चिंचवडला राहते. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमधल्या आम्ही चौघी. नोकरी लागली की पाठीवर सॅक टाकून रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस करायचं हे तेव्हाच ठरलं होतं, तेही अगदी कमी खर्चात. आता खरंच ठरतंय. बारा दिवस, मे महिन्यात नाहीतर दिवाळीनंतर. पण दोघींना बंगळुरूला मोठी पॅकेजेस मिळालीत आणि ग्रुपवर रोज नवी लिंक येते. कधी कालव्याकाठचं हॉटेल, कधी गोंडोला, फास्ट ट्रेन, टस्कनीतलं फार्महाउस. माझा शैक्षणिक कर्जाचा हप्ता चालू आहे, घरीही पैसे द्यावे लागतात. पावणेदोन लाख साठवलेत, त्यावर एक रुपया नाही. मी प्रत्येक लिंकखाली थम्स-अप टाकते आणि रात्री हिशेब करत बसते. एकीला अंदाज आला असावा. ती म्हणाली, "तुझे मी भरते, दे नंतर कधीतरी." मला ते लागलं. आता वाटतं, रजा मिळाली नाही असं सांगून मोकळं व्हावं. सांगू का?

– थम्स-अपवाली, चिंचवड

प्रिय थम्स-अपवाली,

नको सांगूस. नीतीचं राहू दे बाजूला, पण हे खोटं तुलाच झेपणार नाही. त्या तिघी बारा दिवस फोटो टाकतील आणि तू ऑफिसात बसून प्रत्येक फोटोखाली पुन्हा थम्स-अप टाकशील. पुढच्या सहलीला रजेचं नवं कारण शोधावं लागेल ते वेगळंच.

तुझ्या मैत्रिणींना मी एवढ्यात दोष देणार नाही. तुझा आकडा त्यांना माहीतच नाही. उलट प्रत्येक लिंकवर तू अंगठा उठवलायस. त्यांच्या लेखी त्या फार्महाउसला तुझी संमती आहे.

आधी आकड्याचं बघू, कारण पावणेदोन लाखांत इटली होते की नाही हे तू नीट मांडून पाहिलेलं दिसत नाही. शेंगेन व्हिसाची फी ९० युरो, वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. विमा किमान ३०,००० युरोंच्या संरक्षणाचा लागतो. विमानाचं तिकीट वेळेत काढलंस आणि या सगळ्याला मिळून पाऊण लाख धरलेस, तर हातात एक लाख उरतात. युरो शंभरच्या आसपास धरला तर साधारण हजार युरो. अकरा रात्रींना भागलं की दिवसाला नव्वद. हॉस्टेलच्या डॉर्ममधली खाट, दोन वेळचं साधं जेवण, एखादं तिकीट, थोडा प्रवास, एवढं त्यात बसतं. ऐसपैस नाही, पण बसतं. मे महिन्यात रोमच्या खाटेचे भाव चढलेले असतात, नोव्हेंबरच्या मध्यावर चांगलेच उतरतात. तेव्हा दिवाळीनंतरच जा. संध्याकाळी पाचला अंधारतं, पाऊस असतो, व्हेनिसला भरतीचं पाणी रस्त्यावर येऊ शकतं. तरी दिवाळीनंतरच.

आता त्या लिंका. सगळ्याच महाग आहेत असं तू धरून चालली आहेस, तेही खरं नाही. गोंडोलाचं सरकारी भाडं माणशी नसतं, नावेमागे असतं. दिवसा अर्ध्या तासाचे ९० युरो, आणि नावेत पाच जण बसतात. चौघींत वाटले तर माणशी साडेबावीस. करा की! तेवढेही नको असतील तर ग्रँड कॅनॉलच्या या काठावरून त्या काठावर नेणारी 'त्रागेत्तो' नावाची जुनी नाव दोन युरोंत सोडते, त्यात गाणंबिणं नसतं इतकंच. खिशाला भोक पडतं ते भलतीकडेच. व्हेनिसच्या जलबसचं ७५ मिनिटांचं तिकीट ९.५० युरो आहे. दिवसातून दोनदा सहज म्हणून चढलीस तर जवळजवळ गोंडोला झाला. व्हेनिस पायी बघा.

फास्ट ट्रेनचंही तसंच. रोम ते फ्लोरेन्स ती दीड तासात जाते, साध्या गाडीला चारेक तास लागतात. फास्टचं तिकीट बरंच आधी काढलं तर कित्येकदा साध्याच्या आसपास पडतं. तिथे मैत्रिणींचं ऐक. साधी गाडी पिसा, लुका असल्या छोट्या अंतरांना वापर; तिचं भाडं ठरलेलं असतं, आदल्या दिवशी काढा की महिनाभर आधी.

फार्महाउसला मात्र माझा विरोध आहे. तिथे गाडी लागते, गाडीला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, आणि दोन दिवस द्राक्षाचे मळे बघत बसायला तुम्ही अजून तेवढ्या दमलेल्या नाही आहात. त्या दोन रात्री बोलोन्याला द्या. हे विद्यार्थ्यांचं गाव आहे, विद्यापीठ १०८८चं म्हणतात, त्यामुळे परवडणारं खाणं मिळतं. शिवाय गावातल्या फुटपाथांवर कमानींची छपरं आहेत, सगळी मिळून ६२ किलोमीटर; २०२१ साली ती युनेस्कोच्या यादीत गेली. नोव्हेंबरच्या पावसात छत्री न उघडता गावभर हिंडाल. तिथून साध्या गाडीने तासा-सव्वा तासावर रावेन्ना आहे. तिथली पाचव्या-सहाव्या शतकातली मोझेक बघून तुमची 'मास्टर्स करायला हवं होतं' ही चर्चा निदान एक दुपार थांबेल.

"तुझे मी भरते" हे तुला लागलं, ते मला समजतं. पण त्या मुलीने वाकडं काही केलेलं नाही. तुला अवघड जातंय हे चौघींत फक्त तिच्या लक्षात आलं. तू ते पैसे घेऊ नकोस, हे माझंही मत आहे, आणि त्याला मानापमानाखेरीज एक रोकडं कारण आहे. व्हिसाच्या अर्जाला प्रत्येकीची स्वतःची बँक स्टेटमेंट लागतात, काही महिन्यांची. अर्जाच्या तोंडावर तुझ्या खात्यात अचानक लाखभर रुपये आले तर ते तपासणाऱ्याच्या डोळ्यांत भरतात. म्हणजे आकडा वकिलातीला कळणारच आहे. मग मैत्रिणींपासून काय लपवतेस?

सुरुवात तिच्यापासूनच कर. ग्रुपवर नको, फोन कर. "भरू नकोस, पण माझ्या बाजूने बोल" एवढंच माग. मग ग्रुपवर एकच मेसेज टाक, साधारण असा: "माझं बजेट सगळं धरून पावणेदोन लाख आहे. त्यात डॉर्म, नोव्हेंबर आणि एक बाहेरचं जेवण दिवसाला, असं बसतं. फार्महाउस बसत नाही. तुम्हाला करायचं असेल तर त्या दोन दिवसांत मी बोलोन्याला थांबते, व्हेनिसला भेटू." सॉरी लिहू नकोस. हप्त्याचं, घरचं स्पष्टीकरण देऊ नकोस. त्यांना ते माहीत आहे, तुमच्या मेसच्या बिलापासून माहीत आहे. आणि शेवटी तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा टाकू नकोस. मग कुणी ते मनावर घेत नाही.

या कॉलमकडे सहलीनंतरची पत्रं बरीच येतात. त्यातलं भांडण कोलोसियमवरून झालेलं मी अजून वाचलेलं नाही. ते होतं जेवणाच्या बिलावरून. तू शाकाहारी आहेस की नाही ते लिहिलेलं नाहीस, पण समज आहेस. फ्लोरेन्सचा प्रसिद्ध स्टेक किलोवर विकतात, एक तुकडा सहज किलोच्या वर जातो. त्या तिघी तो मागवणार, तू टोमॅटोचा पास्ता खाणार आणि बिलाला चारने भागणार? तेव्हा निघण्याआधीच ठरवा: राहणं आणि ठरलेली तिकिटं यांची कॉन्ट्री, जेवणाला टीटीएमएम. बसल्याबद्दल माणशी वेगळा आकार लावतात तोही ज्याचा त्याने द्यायचा. कॉफी काउंटरला उभ्याने प्यायची. चौकातल्या टेबलावर बसलं की तीच कॉफी कितीतरी महाग होते. पाणी विकत घेऊ नका. रोमभर रस्त्यावर लोखंडी नळ चोवीस तास वाहत असतात, थंडगार आणि पिण्याजोगे.

आणि रोज चौघींनी एकमेकींना चिकटून हिंडलंच पाहिजे असं नाही. त्यांना व्हॅटिकन म्युझियमला वीस-पंचवीस युरो घालायचे असतील तर जाऊ देत. तू त्या सकाळी पिआत्सा नावोनाजवळच्या सान लुइजी देई फ्रांचेझी चर्चमध्ये जा. प्रवेश फुकट, दुपारी मात्र बंद असतं. डावीकडच्या शेवटच्या कोनाड्यात काराव्हाज्यो या चित्रकाराची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत. आत काळोख असतो. बाजूच्या पेटीत नाणं टाकलं की दिवे लागतात, मॅथ्यूच्या टेबलावरची नाणी दिसतात, त्याच्याकडे रोखलेला हात दिसतो, आणि थोड्या वेळाने खटकन अंधार. मग जमलेली दहा-बारा माणसं आढ्याकडे बघत उभी राहतात, पुढचं नाणं कोण टाकतंय याची वाट बघत. तू एक टाक. एवढं तुझ्या नव्वदात बसतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात, कोलोसियम आणि फ्लोरेन्सचं उफित्सी हे चित्रसंग्रहालयसुद्धा. रांगा भयंकर असतात, पण पहाटे उठायची तयारी असेल तर तारखा त्या बेताने जुळवा. एरवी कोलोसियमचं तिकीट १८ युरो, तेही नावानिशी. ऐन वेळी एकीचं दुसरीला चालत नाही. म्हणून कोण येणार, कोण नाही, हे आधीच पक्कं करा.

मेसेज वाचून एखादी नाक मुरडेल. मुरडू दे. तिघीही मुरडल्या, आणि तुझ्यासाठी फार्महाउसच्या दोन रात्रीही सोडायला कुणी तयार झाली नाही, तर मात्र रजा मिळालेली आहे हे लक्षात ठेव. मुलींसाठी वेगळी डॉर्म असलेली हॉस्टेलं सगळ्या मोठ्या गावांत आहेत, एकटीला खाट मिळते. पण मला तसं वाटत नाही. जिने पैसे भरायची तयारी दाखवली ती तुझ्याबरोबर बोलोन्याला उतरेल असा माझा अंदाज आहे.

– तुझी ताई

ता. क. साध्या गाडीचं कागदी तिकीट काढलंत तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवा. नुसतं विकत घेतलेलं तिकीट टीसी मानत नाही आणि दंड जागच्या जागी घेतो. हा दंड चौघींत वाटायचा की जिचा तिने भरायचा, तेही आधीच ठरवून ठेवा.