सीमाप्रश्नाच्या वादात एकाने दुसऱ्याला 'क्रिप्टो-फॅसिस्ट' म्हटलं, म्हणजे काय? बिटकॉइनशी काही संबंध?

बिटकॉइनशी काही संबंध नाही ओ, क्रिप्टो-फॅसिस्ट म्हणजे मनातनं फॅसिस्ट विचारांचा पण तोंडाने कधी कबूल न करणारा माणूस. क्रिप्टो हे ग्रीकमधनं आलंय, अर्थ लपलेला, आणि फॅसिस्ट मुसोलिनीच्या इटलीतनं, म्हणजे एकाच नेत्याची हुकूमशाही आणि विरोध चिरडणं मानणारा. 1945 नंतर उघड फॅसिस्ट म्हणवून घेणं अंगाशी यायला लागलं, इटलीच्या राज्यघटनेतच मुसोलिनीचा फॅसिस्ट पक्ष परत उभारायला बंदी घातली, मग असली माणसं शिस्त, देशहित असल्या सोज्वळ शब्दांआड तेच बोलायला लागली. गाजलेला किस्सा 1968 चा, अमेरिकेत टीव्हीवर लाइव्ह चर्चेत लेखक गोर व्हिडालने उजव्या विचारांचा पत्रकार विल्यम बकलीला 'क्रिप्टो-नाझी' म्हटलं आणि बकली तिथंच थोबाड फोडायची धमकी देऊन बसला. व्हिडालने नंतर लिहिलं की मला खरं तर 'फॅसिस्ट विचारांचा' असं म्हणायचं होतं.

पण एक बघा, हा शब्द लई घाऊक वापरला जातोय. लपलेलं आहे म्हटल्यावर पुरावा मागायची सोयच राहत नाही, समोरच्याने नाही म्हटलं तर 'बघा, लपवतोय की' म्हणायला मोकळे. दुकानावर मराठी पाटी हवी किंवा कन्नडच हवी म्हणणारा तेवढ्यावरनं फॅसिस्ट होत नाही, भाषेचा अभिमान म्हणा नाहीतर हट्ट म्हणा. तोच माणूस 'निवडणुका कशाला, एकच खमक्या नेता पाहिजे, विरोध करणाऱ्यांना ठोकून काढा' असलं सारखं आडून आडून बोलायला लागला, वर 'मी राजकारणात नाही' म्हणाला, तर मग शब्द बसतो.