रॉक ऐकण्यासाठी ऑडिओ-टेक्निकाचा एम-२०एक्स हेडफोन घ्यावा की एम-३०एक्स?

दोन्हींत ४० मिलिमीटरचे ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारे भाग) असून रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ४७ ओहम इतका कमी आहे, त्यामुळे मोबाईलवर दोन्ही पुरेसे मोठ्याने वाजतात. फरक सुरांच्या तोलात आहे. एम-२०एक्समध्ये खर्ज उठावदार आहे, तर एम-३०एक्समध्ये मधल्या पट्टीतले, म्हणजे ना फार खालचे ना फार वरचे, सूर स्पष्ट आहेत, आणि रॉकमधील गिटार व गायकाचा आवाज प्रामुख्याने तिथेच असल्याने माझे मत एम-३०एक्सच्या बाजूने आहे. शिवाय तो दुमडतो, म्हणजे निपाणी-बेळगाव रोज बसने ये-जा करणाऱ्याच्या पिशवीत सहज मावतो. मात्र दोन्हींची ३ मीटरची वायर काढता येत नाही, ही प्रवासात कटकटच! बेळगावच्या खडेबाजारात घेणार असाल, तर ओळखीचे गाणे दोन्हींवर लावून झांजांचा आवाज कानाला टोचतो का, तेवढे अवश्य पाहावे.