लग्न मे महिन्यात आहे, त्याआधी नाकाची सर्जरी करून घेऊ का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वय २४, गाव रत्नागिरीजवळ, लग्नाला पाच महिने आहेत. नाक बसकं, शेंड्याला जाड. साखरपुड्यात सासरकडच्या कोणी बाई त्यावरून काहीतरी बोलल्या, आणि आता लग्नाच्या आत नाक करून घ्यावं का, काय माहीत असायला हवं, खर्च किती, असं विचारताय.

लग्नाआधी नको. नंतर करायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण मेच्या आत नकोच. मी डॉक्टर नाही. गुहागरकडे शाळेत शिकवते आणि तीन वर्षांपूर्वी मुंबईला जाऊन माझं नाक करून आले आहे, त्यातून जे कळलं ते सांगते.

मी अकरा वर्षांची असताना पावसाळ्यात पाखाडीवरून उतरताना शेवाळलेल्या चिऱ्यावर पाय घसरला आणि तोंडावर आपटले. आजीने हळद दाबली, रक्त थांबलं, विषय संपला. मोडलेलं नाकाचं हाड पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत डॉक्टर पुन्हा जागेवर बसवू शकतात, हे आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. नाक डावीकडे वळलं, मध्ये उंचवटा आला आणि उजवी नाकपुडी कायमची चोंदली. आपल्याकडे याला सरसकट ‘नाकाचं हाड वाढलंय’ म्हणतात. बहुतेकदा वाढलेलं काही नसतं. दोन नाकपुड्यांमधला पडदा वाकडा झालेला असतो.

म्हणून पहिलं हे बघा: तुम्हाला श्वासाचा त्रास आहे का? रात्री तोंड उघडं पडतं, एक बाजू नेहमी बंद असते, असं असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. पडदा सरळ करणं ही एक शस्त्रक्रिया, नाकाचा बाहेरचा आकार बदलणं ही दुसरी. माझ्या दोन्ही एकदम केल्या. फक्त आकार बदलायचा असेल तर नुसतं नाक छान करून द्या म्हणून चालत नाही, नेमकं काय खुपतं ते बोटाने दाखवता आलं पाहिजे. माझ्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत पाऊण तास हेच विचारलं आणि शेवटी म्हणाले, चाफेकळी नाक मी देणार नाही, तुमच्या चेहऱ्याला ते शोभणार नाही. मला तेव्हा राग आला होता. आधी मी दुसरीकडे एका क्लिनिकमध्ये गेले होते, तिथे डॉक्टर भेटायच्या आधीच एका मुलीने कॉम्प्युटरवर माझं नवीन नाक काढून दाखवलं आणि महिनाअखेरपर्यंत सवलत आहे म्हणून सांगितलं. नाक म्हणजे काय दिवाळीचा सेल आहे?

आता पाच महिन्यांचा हिशेब. ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं. माझ्या दोन नाकपुड्यांमधल्या कातडीच्या पट्टीवर छोटा छेद देऊन नाक उघडलं, उंचवटा घासला, दोन्ही बाजूंची हाडं कापून सरळ बसवली. पडद्यातली थोडी कुर्चा, म्हणजे मऊ लवचिक हाड, काढून शेंड्याला आधार दिला. तुमचं नाक बसकं आहे म्हणजे तुमच्याकडे काढायचं नसून भर घालायची असेल. त्यासाठी कुर्चा पडद्यातून, कानामागून, कधी बरगडीतूनही घेतात. कुठून घेणार ते आधी विचारून ठेवा.

सातव्या दिवशी प्लास्टर काढलं. आरशात बघितलं तर डोळ्यांखाली पिकलेल्या रतांब्याचा रंग आणि मधोमध सुजलेला, वर उचललेला गोळा. मी रडले. नर्स हसली, म्हणाली सगळ्याच रडतात. काळंनिळं दोन आठवड्यांत गेलं, बरीच सूज महिन्याभरात उतरली, पण शेंड्याची सूज सगळ्यांत चिवट. कातडी जाड असेल तर आणखी वेळ. खरं नाक दिसायला वर्ष लागतं. पाचव्या महिन्यात माझा शेंडा सकाळी फुगलेला, संध्याकाळी जरा बरा, आणि हात लावला तर बधिर. असं नाक घेऊन तुम्ही मेच्या उकाड्यात, होमाच्या धुरात, वर दाबून बसवलेली नथ घालून तीन तास बोहल्यावर आणि पाटावर बसणार? नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, त्यात हे अठराशेवं कशाला? तुम्हाला चमकी असेल तर तीही काढावी लागेल. माझं भोक बुजलं, परत टोचलं नाही.

दुखणं मात्र वाटलं होतं तितकं नव्हतं. त्रास होता तो तोंडाने श्वास घेण्याचा आणि उशा रचून उताणं झोपण्याचा. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून. वाकायचं नाही, विहिरीवरून कळशी आणायची नाही. चष्मा नाकावर टेकवायला दीड महिना बंदी होती, मी तो चिकटपट्टीने कपाळाला लटकवून घरात फिरायचे. वासही गेला होता. बाराव्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या काकूंनी सुके बोंबील भाजायला घेतले आणि ती घाण, आमच्या घरात मासे शिजत नाहीत म्हणून घाण म्हणते, इतकी गोड वाटली की मी भिंतीपाशी जाऊन उभी राहिले.

कोकणातल्या माणसाने एक गोष्ट जास्तीची बघायची, ती म्हणजे अंतर. रक्तस्राव पहिल्या दोन आठवड्यांत कधीही होऊ शकतो. पडद्यात रक्त साकळलं तर दुखणं आणि चोंदणं एकदम वाढतं आणि ते तातडीने काढावं लागतं, नाहीतर पडदाच सडतो. त्या रात्री तुमचा सर्जन सात तासांवर असून चालणार नाही. मी डोंबिवलीला मावशीकडे सोळा दिवस राहिले. परत येताना चिपळूणपर्यंत रेल्वेने. हायवेच्या खड्ड्यांतून नवीन नाक नेऊ नका, हे डॉक्टर स्वतः म्हणाले.

डॉक्टर निवडताना प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी बघा, किंवा नाकाच्या आकाराची कामं नेहमी करणारे कान-नाक-घसा तज्ज्ञ. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येते. त्यांच्याच पेशंटचे वर्षानंतरचे फोटो मागा, महिन्याचे नकोत. आणि बिघडलं तर काय, हेही विचारा. शंभरातल्या पाच ते पंधरा जणांना दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागतं असं साधारण सांगतात, आणि त्यासाठीही वर्षभर थांबावं लागतं. तंबाखू, मिश्री, सिगारेट काही आठवडे आधीपासून बंद, कारण जखम भरत नाही. ॲस्पिरिन, काढे, घरगुती गोळ्या, काहीही लपवू नका, काहींनी रक्त पातळ होतं.

कोणी सांगेल, सर्जरी कशाला, इंजेक्शनने भरून घे. नाकात फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी काळी पडते, डोळाही जाऊ शकतो. ‘सोपं’ म्हणून ते करू नका.

आत्या मला म्हणाली होती, ही मुंबईची थेरं. तिला मी कावसजीची गोष्ट सांगितली. इंग्रजांच्या फौजेतला गाडीवान, १७९२ च्या लढाईत टिपूच्या लोकांनी त्याचं नाक कापलं. पुण्याकडच्या एका कुंभाराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवीन नाक केलं. ती हकिकत १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली, आणि ती पद्धत वापरून तिथल्या कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये पहिलं ऑपरेशन केलं. आत्या म्हणाली, त्याचं कापलं होतं, तुझं आहे की. मला उत्तर सुचलं नाही.

खर्च मला सगळं धरून एक लाख सत्तर हजार आला, कुर्चेची भर घालावी लागली तर वाढतो. निव्वळ रूपासाठी केलं तर वर १८ टक्के जीएसटी लागतो. माझं अपघाताचं होतं म्हणून लागला नाही. विमा पडद्याचा खर्च देतो, तोही बहुधा पॉलिसीला दोन वर्षं झाल्यावर. रूपाचा देत नाही, म्हणून दोन्ही बिलं वेगळी करून घ्या.

आणि त्या साखरपुड्यातल्या बाई नवऱ्याच्या कोण लागतात ते लिहिलं नाहीत. लांबच्या असतील तर सोडा. नवऱ्याची आई असेल तर नाकाआधी नवऱ्याशी बोला.